फ्रिजमधले रॉड आणि हिरवा कठडा

ता. ५ जुलै

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या घरातला फोन तुमच्या बहिणीच्या पलंगाला लागून आहे आणि घंटा पुरती वाजायच्या आत ती तो उचलते. मला जे विचारायचं आहे ते तिच्या कानावर जाता कामा नये, म्हणून हा खटाटोप. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तुम्हाला वाचायची बंदी आहे हे ठाऊक आहे. सूनबाईंकडून वाचून घ्या आणि त्यांनाही गप्प राहायला सांगा.

परवा फोनवर ती म्हणाली की खुब्याचं हाड नीट जुळलंय, काठीशिवाय चालते, पण घरी परत यायचा विचार नाही. आबांकडे तळमजला आहे, इथंच बरी आहे. मी विचारलं, कायमची का, तर म्हणाली की त्या जिन्यावर मी पुन्हा पाय ठेवणार नाही. आमचा जिना तुम्ही पाहिलाय. रस्त्यावरून वर, माथ्याजवळ एक वळण, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नुसती हवा. हवेच्या बाजूचा लोखंडी कठडा तिच्या हातात आला आणि ती खाली गेली. आतून तो कधीचाच गंजून संपला होता. बाहेरून मात्र मी त्याला दर वर्षी न चुकता हिरवा रंग देत होतो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे ज्याच्यावर रंग चकाकतो ते धडधाकट अशीच माझी समजूत. फोन ठेवताना ती म्हणाली, इतका छान दिसायचा म्हणूनच मी विश्वासानं धरला.

तर नवा कठडा मी स्वतः करणार आहे. कारागीर बोलावून एका दिवसात करून घेता येईल, पण मग ती विचारणार की आतून कसा आहे, आणि मला पुन्हा ठाऊक नसणार. तिच्याशिवाय हे घर मला नको झालंय, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही. तिला सांगायला वाटते.

छोटं वेल्डिंग मशीन आणलंय. दुकानदारानं विचारलं रॉड कोणते देऊ, मी म्हटलं चांगले द्या. त्यानं चार पाकिटं पुढे टाकली आणि मी, दुसरं काय करणार, रंगावरून निवड केली. करडे, जाड, भारदस्त दिसणारे घेतले. जिन्याखाली मोरीजवळच्या फळीवर माझे रंगाचे डबे असतात, तिथंच तेही ठेवले. आता रॉड लोखंडाला टेकवला की चिकटतो, ओढला की लोखंडासकट वर येतो आणि मशीन गुरगुरतं. काल मी होल्डर टाकून मोरीत पळालो. खालच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बघत होता. त्याचं म्हणणं, शिवण वाकडी आहे, उसवून पुन्हा घाला.

तुम्ही बॉयलरच्या कारखान्यात उभी हयात काढलीत. रॉड कोणते घ्यावेत आणि कुठं ठेवावेत तेवढं कळवा. तुमचा लोभ माझ्या वेल्डिंगपेक्षा पक्का आहे, तो तसाच राहावा.

तुमचा,
पेंटर

*

ता. ११ जुलै

रा. रा. पेंटरमहाराज यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षरं मोठी आणि ओळी उतरत्या दिसतील, कारण मी अंदाजानं लिहितोय. लिहायला डोळे लागत नाहीत, वाचायला लागतात. तुमचं पत्र इथं दोनदा वाचून झालं. वाचणारी मधेच एकदा पाणी प्यायला उठून गेली.

रंगावरून रॉड निवडणारा माणूस मी साऱ्या नोकरीत पाहिला नाही. दुकानदाराला तुम्ही अजून आठवत असाल. तुम्ही आणलेत ते ७०१८ असणार, पाकिटावर बघा. त्यातले पहिले दोन आकडे जोडाची ताकद सांगतात, तिसरा सांगतो की रॉड आडवा, उभा, डोक्यावर कसाही चालतो का, आणि शेवटच्या आकड्यावरून लेप कोणता आणि करंट कुठला ते कळतं. ७०१८ हा पुलांचा आणि बॉयलरचा रॉड. फार गुणी, पण तितकाच नखरेल. त्याचा लेप हवेतलं पाणी पितो, म्हणून आम्ही ते भट्टीत तापवायचो आणि खांद्याला गरम डबा अडकवून त्यातून एकेक काढायचो. डबा थंड पडला की फोरमन सगळे रॉड परत घ्यायचा. तुम्ही ते मोरीशेजारी ठेवलेत. वर ते तुमच्या चिमुकल्या मशीनवर पेटायलाही कुरकुर करणार.

तुम्हाला ६०१३ हवेत, अडीच मिलिमीटर जाडीचे. चटकन पेटतो, सांभाळून घेतो, जोडावर साचणारी मळी टिचकीसरशी निघते. घरच्या कठड्याला ताकद भरपूर. पाकीट लहान आणि सीलबंद घ्या. उघडलं की बघा, लेप सगळीकडे सारखा हवा, टवके उडालेले नकोत, होल्डरमध्ये धरायच्या उघड्या टोकाला गंज नको. नाहीतर तिथल्या तिथं परत करा. आणि लोखंड आधी घासून उजळ करा. रंगावर वेल्डिंग होत नाही, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहितोय.

जिन्याला इतक्यात हात लावू नका. दोन तुकडे जोडा, शिकंज्यात धरा, हातोड्यानं मोडा आणि आत बघा. मोडलेले तुकडे मला पाठवा. डोळे गेले सुट्टीवर, बोटं कामावर आहेत. काळी काच डोळ्यांवरून काढू नका, होल्डर हातातून टाकू नका आणि आमच्यावरचा लोभही टाकू नका.

तुमचा,
आबा

*

ता. १९ जुलै

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

६०१३ आणले. टोकं बघितली, लेप बघितला, दुकानदारासमोर पाकिटावरचे आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. तोही जरा सावरून बसला.

आता ठेवायचे कुठं, याचा मी खूप विचार केला आणि मला एकदम सुचलं. घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती, तर तांदळाचा डबा. झाकण घट्ट लावलं नाही म्हणून त्या डब्यापायी मी जितकी बोलणी खाल्ली आहेत तितकी कशापायीच खाल्ली नाहीत. शिवाय तांदूळ ओलावा ओढून घेतो असं शिंपीही म्हणाला. पहिले दोन-तीन दिवस मोरीजवळच्या फळीवर पडलेले रॉड आता तांदळात उभे खोचून ठेवलेत. परवाच्या भातात थोडी कचकच लागली, पण विद्या शिकायची म्हणजे एवढं चालायचंच.

आणि आबा, रॉड पेटतो. चिकटत नाही. जरा तडतडतो, ठिणग्या शर्टाला भोकं पाडतात, पण रेघ अशी येते की पाटीवर काढावी. सोबत तुकडे पाठवतोय. चार मोडलेत आणि एक मोडायचं जिवावर आलं, म्हणून तसाच ठेवलाय. पोस्टातल्या बाईनं पार्सल हलवून विचारलं की यात काय आहे, तर मी म्हटलं माझी प्रगती. तिनं वजन केलं.

फोनवर तुमच्या बहिणीनं विचारलं की तुमचा आवाज का बसलाय. धुरानं बसलाय असं सांगता येईना, म्हणून म्हटलं तुझी आठवण येते. खोटं बोलायला गेलो आणि तोंडातून खरं निघालं. तिला यातलं काही कळू देऊ नका. आपला लोभ आहेच, पण तुकडे बघताना तो जरा जास्तच ठेवा.

तुमचा,
पेंटर

*

ता. २५ जुलै

रा. रा. पेंटरमहाराज यांस,
स. न. वि. वि.

झाकणाला पोचा आहे तो उंच डबा ना? आधी रॉड बाहेर काढा, मग सगळे तांदूळ टाकून द्या. पाखडून, धुऊन, वेचून खाऊ असला शहाणपणा करू नका. त्या लेपाची पूड पोटात जाण्यासारखी नसते. मग डबा घासा, तारेच्या घासणीनं नको, चरे पडतात. आणि फडताळात वरच्या फळीवर दुसरे तांदूळ आहेत, ते वापरा. असं मला वाटतं.

आता तुकडे. रेघ सुंदर आहे, ते मला बोटांनाही कळलं. तुमचा हात चालतो, मानलं. पण आत नखं फिरवली तर भोकंच भोकं. न मोडलेला तुकडा आम्ही मोडला, तो तर सगळ्यात पोकळ निघाला. इथं आणखी एका हातानं तो बराच वेळ धरून ठेवला होता. पेंटर, रॉड दमट आहेत. कोरडा ६०१३ एकसारखा सूर धरतो, दमट तडतडतो आणि थुंकतो. ओलाव्याची वाफ होते, वाफेचे बुडबुडे जोडात अडकतात. वरून रेघ, आतून जाळी. पावसाळ्यात दोन-तीन दिवस मोरीजवळ पडल्यावर दुसरं काय होणार? तांदूळ त्याला काय करणार?

मागच्या गॅलरीत तुमचा जुना फ्रिज धूळ खात पडलाय. थंड करत नाही पण दाराचं रबर घट्ट आहे. तो धुऊन पुसून कोरडा करा. आतल्या तळाशी साधा, तारेचा, गरम होणारा बल्ब बसवा आणि तो रात्रंदिवस जळू द्या. वर जाळीच्या फळीवर रॉड आडवे ठेवा. ऊब राहिली की ओलावा शिरत नाही. मात्र दमट झालेले रॉड त्यानं सुधारणार नाहीत, ते सरावाला घालवा आणि कठड्यासाठी नवं पाकीट उघडून थेट फ्रिजात ठेवा. लागतील तेवढेच बाहेर काढा.

पाटी वरून बघतात, जोड मोडून बघतात, एवढं ध्यानात ठेवा. लोभाचं झाकण घट्ट लावून ठेवलंय, उघडायचं तेव्हा उघडा.

तुमचा,
आबा

*

ता. ९ ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

डब्याचा पोचा तुमच्या लक्षात कसा राहिला, कमाल आहे. मागच्या खेपेला जेवायला आला होतात तेव्हाचं असणार. डबा घासला, तारेच्या घासणीनं घासून मग तुमचं वाक्य पुन्हा वाचलं.

फ्रिजची कल्पना म्हणजे काय सांगू. जन्मभर जो पाणी थंड करू शकला नाही तो आता म्हातारपणी ऊब द्यायला लागलाय. नवे रॉड त्यातून असे कोरडे ठणठणीत निघाले की सूर एकदम बदलला. तडतड नाही, थुंकणं नाही. तुकडे मोडले, आत सलग लोखंड. मी ते शिंप्याला दाखवले. तो म्हणाला, शिवण जमली. मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

फ्रिज इतका उपयोगी निघाला की आता तो सगळ्या जिन्याचाच झालाय. मी धुतलेले ब्रश त्यात वाळवतो, घामानं भिजलेले हातमोजे वाळवतो. शिंप्यानं एक दिवस भिजवलेलं अस्तर आणून खालच्या फळीवर पसरलं, तर संध्याकाळपर्यंत कडकडीत. आता रोज काही ना काही घेऊन येतो.

आणि आता मुख्य बातमी. कठडा झाला, आबा. खालपासून वरपर्यंत. पायऱ्यांतल्या जुन्या लोखंडी पट्ट्या घासून उजळ केल्या, नवे खांब त्यांना जोडले, वर गोल दांडा. सिमेंटची गोणी टांगून बघितली, हलला नाही. मग बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाचे दोन हात दिले. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात, किंवा मी थांबवतो.

या रविवारी काहीतरी निमित्त काढून तिला घेऊन या. आधी काही सांगू नका. मी वर दारात उभा राहणार आहे, जणू काही झालंच नाही असा. लोभ घेऊन या, सामान मी उचलीन.

तुमचा,
पेंटर

*

ता. १२ ऑगस्ट

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तिला आणू नका. हे पत्र रविवारच्या आत पोचावं म्हणून जादा तिकीट लावून टाकतोय.

काल ब्रश काढायला फ्रिज उघडला तर आत अंधार. बल्ब गेलेला. कधी गेला देव जाणे, दार बंद असताना आतला दिवा कुणाला दिसतो? आणि आत काय होतं, तर माझे ओले हातमोजे, ओले ब्रश आणि शिंप्याचं ओलं अस्तर, सगळं मिळून वाफेची खोली. त्यात माझे रॉड. एक वाकवला तर लेप ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखा गळून पडला.

मग मला आठवलं. खालचे खांब जोडताना सूर एकसारखा होता. वरच्या वळणापासून पुढे तडतड सुरू झाली होती. मी ऐकली होती, आबा. वाटलं वाऱ्यानं असेल, पाइपला तेल लागलं असेल. खरं सांगायचं तर रविवार जवळ आला होता आणि मला ऐकायचं नव्हतं. वरून रंग मारला आणि तुम्हाला ऐटीत पत्र टाकलं.

शिंप्याला सांगितलं तर म्हणाला, गोणी पेलली ना, मग कठडा आहे, पूल थोडाच आहे, आणि रंगाखाली कोण बघतंय. माणूस माझ्या भल्याचंच बोलत होता. पण रंगाखाली कोण बघतंय हे ऐकलं आणि मी वर त्या वळणाशी जाऊन उभा राहिलो. ती वरच्या वळणावरूनच पडली होती.

सकाळी ग्राइंडर घेतला आणि वरचा सगळा भाग कापला. मोडून बघितलं. दोन सांधे ठीक होते. बाकीच्यांत जाळी, वळणावरच्या सांध्यात तर करंगळीचं टोक जाईल एवढं भोक. आता आमच्या जिन्याला खाली अर्धा हिरवा कठडा आहे आणि वर हवा. लोक अजूनही थांबून बघतात.

नवा बल्ब, नवं पाकीट, सगळं पुन्हा आणीन. पण आता मनातलं सांगतो. मी स्वतःला ओळखतो. चकाकलं की मी भुलतो. ती तुमच्याकडे सुखरूप आहे, तर तिनं तिथंच राहावं हेच बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं. तिला काहीही सांगा. मला सर्दी झालीय म्हणा. लोभाला मी पात्र आहे का ते तुम्हीच ठरवा.

पेंटर

*

ता. १६ ऑगस्ट

अहो पेंटर,
सा. न. वि. वि.

सर्दीला काही औषध घेतलंत का?

दचकू नका. आबांची सून सकाळी कामाला जाते ती संध्याकाळी येते आणि पोस्टमन दुपारी येतो. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा आबा म्हणाले, वाच. वाचत गेले तर त्यात लिहिलेलं की हे तिच्या कानावर जाता कामा नये, आणि तेही मीच माझ्या कानावर घातलं. पाणी प्यायला उठले ती मीच. बाकीची पत्रंही मीच वाचली. तुम्हाला कळवायचं नाही असं आबांचं आणि माझं ठरलं, कारण कळलं असतं तर तुम्ही मला आवडेल तसं लिहायला लागला असता. तांदळाच्या डब्याचं वाचून मात्र मी आबांच्या हातातला पेनच काढून घेणार होते. अक्षर ओळखाल म्हणून नुसतं सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. जेवायला आलेल्या पाहुण्याला डब्याचा पोचा दिसतो, असं तुम्हाला खरंच वाटलं?

पार्सलातला तो न मोडलेला तुकडा आबांच्या मुलानं मोडून दिला. माझ्याच हातात होता तो. वरून इतका देखणा आणि आतून पोकळ. तो हातात घेऊन मी ठरवलं होतं की आपण काही परत जात नाही. तुमच्यावर राग नव्हता. भीती होती. तुम्ही सांगाल की पक्का आहे, मी हो म्हणेन, आणि रोज त्या वळणावर माझा पाय थरथरेल, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी तेही सांगणार नाही.

मग हिरव्या रंगाचं पत्र आलं. आबा खूश झाले, सामान बांध म्हणाले. मी नाही म्हटलं. दोन हात रंग दिलाय हे वाचलं आणि काढलेली पिशवी परत खुंटीला लावली. रविवारी मी येणारच नव्हते, तुम्ही आणू नका असं लिहिलं नसतं तरी.

परवा दुपारी ते पत्र आलं. कापला, हे वाचल्यावर मला पुढचं वाचता येईना. आबा म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन माझं झालंय का तुझं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमच्या हातानं रंगवलेली वस्तू तुम्ही स्वतः खरवडलीत असं मी कधी पाहिलं नाही. कुणी बघत नसताना तर नाहीच. तुम्ही स्वतःला ओळखता असं लिहिलंयत, पण तेवढं काही तुम्हाला जमलेलं नाही.

मी येते आहे. रविवारी नाही, वरचा भाग पुन्हा झाला की. घाई करायची नाही. फ्रिजच्या दाराला गिरमिटानं एक बारीक भोक पाडा आणि त्यावर काचेचा तुकडा चिकटवा, उजेड दिसला की बल्ब जळतोय. एवढं दोघा पुरुषांना सुचलं नाही. ओलं काहीही आत जाता कामा नये. शिंप्याला सांगा, अस्तर उन्हात वाळतं.

आणि रंग लावायचा नाही. खालच्या भागाचा हिरवाही खरवडून ठेवा. आबांनी मला त्यांची मळी काढायची हातोडी दिली आहे आणि चांगला सांधा कसा वाजतो, बद्द कसा वाजतो ते शिकवलंय. एकेक सांधा वाजवत मी एकेक पायरी चढणार आहे. जो बद्द वाजेल तिथंच बसेन, आणि तुम्ही तो माझ्यासमोर कापायचा. दारात उभं राहून ऐट करू नका, माझ्या मागच्या पायरीवर या. वर पोचले की रंग कुठला ते मी सांगेन.

फोनवर त्या दिवशी आठवण येते म्हणालात, तेव्हा आवाज धुरानं बसलाय हे मी ओळखलं होतं. तरी ते ऐकायला बरं वाटलं.

बाकी भेटीअंती. लोभ आहे तो उबेत ठेवावा, दमटू देऊ नये.

तुमची,
तांदळाच्या डब्याची मालकीण